दुसऱ्या खोलीसाठी छोटा स्मार्ट टीव्ही कसा निवडावा

ठाणे-नवी मुंबईतल्या बहुतेक घरांत मोठा टीव्ही हॉलमध्ये असतो आणि त्यावर सगळ्या घराचा हक्क असतो. दुसऱ्या टीव्हीचा विषय निघतो तो संध्याकाळची मालिका आणि क्रिकेटचा सामना एकाच वेळी येऊ लागल्यावर, घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीला प्रकृतीमुळे आपल्या खोलीतच अधिक वेळ काढावा लागल्यावर, किंवा दहावी-बारावीच्या मुलाचे डोळे फोनवर अभ्यासाचे व्हिडिओ पाहून दुखू लागल्यावर. अशा वेळी हॉलमधल्या टीव्हीचेच निकष लावून फक्त लहान आणि स्वस्त संच शोधला जातो, आणि तिथेच निवड फसते. हॉलमधला टीव्ही चार-पाच माणसे समोर बसून, मोकळ्या आवाजात पाहतात. आतल्या खोलीतला टीव्ही बहुधा एकच माणूस पाहतो, तोही जवळून किंवा तिरप्या कोनातून, पलंगावर टेकून, शेजारच्या खोलीत कोणाची झोप मोडणार नाही एवढ्याच आवाजात. त्यामुळे जाहिरातीत ठळक छापलेल्या पुष्कळशा गोष्टी इथे बिनकामाच्या ठरतात, आणि ज्यांचा उल्लेख बारीक अक्षरांत असतो किंवा मुळीच नसतो, त्यांच्याशी रोजची गाठ पडते. १० ते १५ हजार रुपयांच्या आसपासच्या संचात सगळेच उत्तम मिळत नाही. तडजोड कशावर करायची आणि कशावर मुळीच करायची नाही, हे दुकानात शिरण्यापूर्वी घरीच ठरवलेले बरे.

कोण पाहणार आणि कुठून पाहणार

सुरुवात मोजपट्टीने करावी. ३२ इंच हे पडद्याच्या कर्णाचे माप असते. असा पडदा सुमारे ७१ सेंटीमीटर रुंद आणि ४० सेंटीमीटर उंच भरतो. २४ इंचांचा पडदा सुमारे ५३ सेंटीमीटर रुंद असतो, तर ४३ इंचांचा सुमारे ९५ सेंटीमीटर. जुन्या वर्तमानपत्राचा कागद या मापात कापून भिंतीवर चिकटवावा आणि एक-दोन दिवस तसाच राहू द्यावा. कपाटाचे दार उघडताना तो आड येतो का, खिडकीचा उजेड त्यावर कुठून पडतो, पलंगावरून मान वळवावी लागते का, हे सगळे त्या कागदावरून कळते.

त्यानंतर अंतर मोजावे, आणि ते भिंतीपासून भिंतीपर्यंत न मोजता डोळ्यांपासून पडद्यापर्यंत मोजावे. ऐरोलीत माझ्या आत्याची खोली लांबीला दहा फूट आहे. पलंगाच्या डोक्याशी उशीला टेकून बसल्यावर समोरच्या भिंतीपर्यंत साडेआठ फूट भरतात, पण दुपारी ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसते आणि तिथून बाजूच्या भिंतीपर्यंत जेमतेम साडेपाच फूट होतात. एकाच खोलीतल्या या दोन जागांसाठी उत्तरे वेगवेगळी येतात. साडेआठ फुटांवरून ३२ इंचांवरचे चेहरे स्पष्ट दिसतात, मात्र बातम्यांच्या खालच्या पट्टीतली अक्षरे वयस्कर डोळ्यांना लागत नाहीत. साडेपाच फुटांवरून तीच अक्षरे सहज वाचता येतात. आत्याचा बराचसा वेळ खुर्चीत जातो, म्हणून टीव्ही बाजूच्या भिंतीवर गेला आणि ३२ इंच पुरेसे ठरले. पलंगावरूनच पाहायचे असते आणि नजर कमी असती, तर ४० किंवा ४३ इंचांचा विचार करावा लागला असता.

मोठ्या मापाचा विचार आता पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे. ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हींवर २०१९ पासून १८ टक्के जीएसटी होता आणि त्याहून मोठ्यांवर २८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या संचांवरही तो १८ टक्के झाला. ३२ इंचांवर अडून राहण्याचे करापुरते कारण त्यामुळे उरलेले नाही. खोलीत जागा असेल, तर ४० आणि ४३ इंचांच्या किमती एकदा शेजारी ठेवून पाहाव्यात. स्वयंपाकघरासाठी मात्र २४ इंच पुरतात, आणि तिथे फोडणीची वाफ व तेलाचे कण पोहोचणार नाहीत इतका टीव्ही शेगडीपासून लांब ठेवणे मापापेक्षा अधिक महत्त्वाचे असते.

चित्र: एचडी रेडी की फुल एचडी

३२ इंचांचे बहुतेक स्वस्त संच एचडी रेडी, म्हणजे १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचे असतात. फुल एचडीत १९२० गुणिले १०८० ठिपके असतात. याचा निकाल अंतरावरून लागतो. निरोगी डोळ्याची सूक्ष्म भेद ओळखण्याची मर्यादा धरून हिशेब केला, तर ३२ इंची एचडी रेडी पडद्यावरचे ठिपके साधारण सहा फुटांच्या आत आल्यावर वेगळे जाणवू लागतात. म्हणजे साडेआठ फुटांवरच्या पलंगावरून पाहणाऱ्याने फुल एचडीसाठी दीड-दोन हजार अधिक मोजण्यात फारसा अर्थ नाही. पण अभ्यासाच्या टेबलापासून चार-पाच फुटांवर टीव्ही असेल, किंवा त्याला लॅपटॉप जोडून आकडेमोड आणि मजकूर वाचायचा असेल, तर फुल एचडीच घ्यावे, कारण बारीक अक्षरांच्या कडा एचडी रेडीवर फाटल्यासारख्या दिसतात.

याहून महत्त्वाचा पण कुठे न छापला जाणारा मुद्दा म्हणजे बाजूने दिसणारे चित्र. स्वस्त पडद्यांत मुख्यतः दोन जाती आढळतात. व्हीए जातीच्या पडद्यावर काळा रंग गडद दिसतो, पण बाजूला सरकल्यावर रंग फिकटतात. आयपीएस आणि त्यासारख्या जातींत काळा रंग किंचित राखाडी वाटतो, पण तिरपे बसूनही चित्र बरेचसे तसेच राहते. आतल्या खोलीत माणूस क्वचितच अगदी समोर बसतो, म्हणून माझा कल दुसऱ्या जातीकडे आहे. विक्रेत्याला जात सांगता आली नाही तरी अडत नाही. टीव्हीसमोरून हळूहळू बाजूला चालत जावे, मग गुडघ्यावर बसून खालून वर पाहावे, आणि त्वचेचा रंग पांढुरका पडतो का याकडे लक्ष द्यावे. भिंतीवर उंच लावलेला टीव्ही पलंगावर पडून पाहणाऱ्याला तो असाच खालून दिसणार असतो.

एचडीआर (उजळ आणि गडद भागांतला फरक अधिक ठळक दाखवणारे चित्र), अब्जावधी रंग, ‘ए प्लस’ पॅनेल या शब्दांनी या किमतीत भुलून जाऊ नये. एचडीआरचा सिग्नल स्वीकारणे आणि त्याला लागणारा उजेड पडद्याला प्रत्यक्ष देता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि छोट्या स्वस्त संचांत दुसरी गोष्ट बहुधा नसते.

आतली यंत्रणा: इथे कंजुषी करू नये

स्वस्त स्मार्ट टीव्हीबद्दलच्या तक्रारी ऐकल्या, तर चित्राविषयीच्या थोड्या आणि ‘टीव्ही अडकतो’ या प्रकारच्या पुष्कळ असतात. बटण दाबल्यावर काही क्षण काहीच घडत नाही, माणूस पुन्हा दाबतो, आणि मग दोन्ही आज्ञा एकदम अमलात येऊन भलतेच काही उघडते. तरुण माणूस हे निभावून नेतो. पंच्याहत्तरीच्या माणसाला मात्र आपलेच काही चुकले असे वाटते आणि तो रिमोटला हात लावायचे सोडून देतो. ज्याच्यासाठी टीव्ही घेतला तोच तो वापरेनासा झाला, तर सगळा खर्च वाया जातो. म्हणून माझ्या मते ठरलेल्या रकमेतला पहिला वाटा वेगवान यंत्रणेला द्यावा.

गूगल टीव्हीवर ॲप्स सर्वाधिक मिळतात, पण ती यंत्रणा जड आहे. १ जीबी रॅमवर (यंत्रणेच्या चालू कामापुरत्या स्मृतीवर) ती रखडते, दीड जीबीवर बरी चालते आणि २ जीबी असल्यास निर्धास्तपणे घ्यावी. साठवणुकीची जागा ८ जीबी लिहिलेली असली, तरी त्यातली बरीचशी यंत्रणेनेच व्यापलेली असते, त्यामुळे पाच-सहा गरजेच्या ॲप्सपलीकडे काही भरू नये. सॅमसंगची टायझेन आणि एलजीची वेबओएस या यंत्रणा कमी रॅमवरही बऱ्यापैकी हलक्या चालतात. त्यांची ॲप्सची यादी लहान असली, तरी नेहमीची नावे तीत असतात. ॲमेझॉनच्या फायर टीव्ही या यंत्रणेचे स्वतःचे ॲप भांडार आहे. याखेरीज काही स्वस्त संचांत मोजकीच ॲप्स भरलेली साधी यंत्रणा असते. ती घेण्यापूर्वी आपल्याला हवी ती ॲप्स प्रत्यक्ष उघडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

‘स्मार्ट अँड्रॉइड’ एवढेच लिहिलेल्या, अनोळखी नावाच्या संचांबाबत विशेष सावध राहावे. अँड्रॉइडचा मूळ भाग कोणालाही वापरता येतो, पण गूगलने प्रमाणित केलेला अँड्रॉइड टीव्ही किंवा गूगल टीव्ही निराळा असतो. प्रमाणित नसलेल्या संचात मुखपृष्ठ फोनसारखे दिसते आणि ॲप्स भलत्याच भांडारातून घ्यावी लागतात. त्यातही अडचणीची गोष्ट अशी, की नेटफ्लिक्ससारख्या सेवा प्रमाणपत्र नसलेल्या यंत्राला उच्च दर्जाचे चित्र देतच नाहीत. वर्गणी एचडीची भरलेली असली, तरी पडद्यावर धूसर चित्र येते. खोक्यावर गूगल टीव्हीचे चिन्ह आहे का, हे पाहावेच, शिवाय दुकानातच एखादा कार्यक्रम लावून चित्र स्पष्ट येते का, याचीही खात्री करावी.

दुकानात वेगाची परीक्षा घेणे अवघड नाही. फिरत्या जाहिरातीचा व्हिडिओ बंद करायला सांगावा आणि रिमोट स्वतःच्या हातात घ्यावा. यूट्यूब उघडून एखादे कीर्तन किंवा बातम्यांची थेट वाहिनी लावावी, मध्येच घराचे चिन्ह असलेले बटण दाबून बाहेर यावे, दुसरे ॲप उघडावे, पुन्हा यूट्यूबवर यावे. मग शोधाच्या चौकटीत सात-आठ अक्षरे भराभर टाकावीत आणि प्रत्येक दाबासरशी अक्षर उमटते की तीन-चार दाबांनंतर घोळक्याने उमटतात, हे पाहावे. नवा, रिकामा संच जर इथेच रेंगाळत असेल, तर वर्षभरानंतर ॲप्स वाढल्यावर तो सुधारण्याची आशा धरू नये.

रिमोटचाही विचार आधी करावा. बऱ्याच स्मार्ट रिमोटवर आकड्यांची बटणे नसतात. घरातली ज्येष्ठ व्यक्ती सेट-टॉप बॉक्सवरच वाहिन्या पाहणार असेल, तर टीव्ही सुरू होताच थेट सेट-टॉप बॉक्सचे चित्र यावे अशी सोय सेटिंगमध्ये आहे का, हे विक्रेत्याकडून करून घेऊन पाहावे. ही सोय असेल, तर मधल्या चित्रांच्या जंगलातून रोज वाट काढावी लागत नाही. मराठी वाहिन्या इंटरनेटवरून पाहायच्या असतील, तर कोणते ॲप लागेल हेही लिहून ठेवावे: झी मराठी झी फाइव्हवर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, सोनी मराठी सोनी लिव्हवर मिळते, आणि प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू केलेल्या वेव्हज या ॲपवर दूरदर्शनच्या वाहिन्या पाहता येतात. घरात आधीपासून असलेली वर्गणी ‘फक्त मोबाइल’ प्रकारची असेल, तर ती टीव्हीवर चालत नाही. आणि एकाच वेळी किती पडद्यांना परवानगी आहे हे न तपासता दुसरा टीव्ही आणला, तर हॉलमधला सामना सुरू असताना आतली मालिका बंद पडते.

घरात जुना पण चांगल्या चित्राचा साधा एलईडी टीव्ही पडून असेल आणि त्याला एचडीएमआयची खाच असेल, तर नवा संच न घेता त्याला फायर टीव्हीसारखी स्टिक लावणे हाही चांगला मार्ग आहे. पुढे काही वर्षांनी नव्या टीव्हीची ॲप्स अद्ययावत होईनाशी झाली, तरी हाच उपाय कामी येतो. त्यासाठी निदान दोन एचडीएमआय खाचा असाव्यात, एक सेट-टॉप बॉक्ससाठी आणि एक मोकळी.

वाय-फाय, केबल आणि छत्री

राउटर हॉलमध्ये असतो आणि टीव्ही दोन भिंतींपलीकडे. घोडबंदर रस्ता किंवा खारघरच्या नव्या टॉवरांत ज्या भिंती विटांऐवजी सलग काँक्रीटच्या ओतलेल्या असतात, त्यांतून वाय-फाय बरेच क्षीण होते. त्यात भर म्हणजे एका मजल्यावर चार-सहा घरे आणि प्रत्येकात राउटर, वाय-फाय लहरींच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे मार्ग तीनच असल्यामुळे तिथे रात्री गर्दी होते. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गर्दी कमी असते, पण भिंत ओलांडण्याची त्याची ताकदही कमी असते. म्हणून दोन्ही पट्टे पकडणारा संच घ्यावा. खरेदीपूर्वी रात्री नऊच्या सुमारास, खोलीचे दार लावून, टीव्ही जिथे येणार तिथे फोन धरून वेग मोजावा. फुल एचडी चित्रासाठी स्थिर ५ एमबीपीएस पुरतात. तेवढेही मिळत नसतील, तर टीव्ही बदलून उपयोग नाही. राउटरची जागा बदलावी किंवा लॅनची वायर आत न्यावी, आणि त्यासाठी टीव्हीला लॅनची खाच असल्याची खात्री करावी.

मासिक वर्गणी नको असेल, तर दूरदर्शनची फ्री डिश हा पर्याय आहे, आणि काही टीव्हींत तिच्यासाठी लागणारा ट्यूनरही असतो. मात्र तिचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेवर आहे, म्हणजे आपल्या भागातून तो आग्नेयेच्या आकाशात येतो. खिडक्या पश्चिमेला किंवा उत्तरेला असतील, किंवा आग्नेयेला समोरच दुसरा टॉवर उभा असेल, तर छत्री गच्चीवरच न्यावी लागते. सोसायटीची परवानगी आधी घ्यावी.

आवाज

सपाट टीव्हीचे स्पीकर बहुधा खालच्या बाजूला तोंड करून असतात. वॅटचा आकडा मोठा असला म्हणून संवाद स्वच्छ ऐकू येतील असे नाही. दुकानात गोंगाट असतो, तरीही आवाज कमी ठेवून बातम्या लावाव्यात आणि शब्द कळतात का ते ऐकावे. गाणी लावून फसगत होते, कारण गाणे अर्धवट ऐकू आले तरी कान ते पूर्ण करून घेतात. रात्री पाहणाऱ्यासाठी ब्लूटूथवरून हेडफोनला आवाज देण्याची सोय आवर्जून तपासावी. काही संचांतले ब्लूटूथ फक्त रिमोटपुरते असते, त्यामुळे आपला हेडफोन सोबत नेऊन जोडून पाहणे उत्तम.

भिंत, पाऊस आणि वीज

आपल्या भागात हा विषय हलक्यात घेण्यासारखा नाही. खाडीलगतच्या वाशी, कोपरखैरणे, नेरूळ, सीवूड्स या भागांत हवा दमट असते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पावसाच्या माऱ्याची बाहेरची भिंत आतून ओल धरते. अशा भिंतीला टेकवून लावलेल्या टीव्हीच्या मागे ओल साठते. आधी ब्रॅकेटच्या स्क्रूंवर गंज चढतो, मग खाचांच्या धातूवर हिरवट-पांढरा थर दिसू लागतो. म्हणून टीव्ही दोन खोल्यांमधल्या आतल्या भिंतीवर लावावा. दुसरा इलाज नसेल, तर भिंतीपासून दोन-तीन इंच अंतर राखणारा ब्रॅकेट घ्यावा आणि पावसाळ्यात टीव्ही रोज थोडा वेळ तरी सुरू ठेवावा, म्हणजे आतल्या उबेने दमटपणा कमी होतो. एसीच्या थेट खाली टीव्ही लावू नये. एसीचे पाणी तुंबून आत गळू लागते तेव्हा ते सरळ पडद्यावर उतरते.

३२ इंचांचा संच चार किलोंच्या आसपास भरतो, त्यामुळे वजनाची चिंता नसते, पण भिंतीची जात ओळखून छिद्र पाडावे. सिडकोच्या जुन्या इमारतींत विटांच्या भिंतीवरचा गिलावा भुसभुशीत झालेला असेल, तर गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारा प्लग) विटेपर्यंत खोल जायला हवी. सलग काँक्रीटच्या भिंतीला हॅमर ड्रिल लागते. आणि हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधी गिट्टी सैल होते, म्हणून त्यासाठीचा खास प्लग मागावा. खुर्चीतून पाहणाऱ्यासाठी पडद्याचा मध्य जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर यावा. पलंगावरून पाहणाऱ्यासाठी तो थोडा वर न्यावा आणि खाली झुकणारा ब्रॅकेट घ्यावा. विजेचा पॉइंट कुठे आहे तेही आधी पाहावे, कारण टीव्हीची वायर फार लांब नसते आणि ओलसर भिंतीवरून एक्स्टेन्शन बोर्ड फिरवणे धोक्याचे आहे.

विजेच्या खर्चाची धास्ती घेण्याचे कारण नाही. ५० वॅटचा टीव्ही रोज चार तास चालला, तर वर्षाला ७३ युनिट होतात. ४० आणि ५५ वॅटच्या संचांत याच वापराने वर्षाला सुमारे २२ युनिटांचाच फरक पडतो. तारांकित लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात ते वाचावे, पण या मापात केवळ एका ताऱ्यासाठी मंद यंत्रणेचा संच घेऊ नये. पावसाळ्यात वीज जाऊन परत येताना जो झटका बसतो त्यापासून बचाव करणारा, चांगल्या प्रतीचा स्पाइक गार्ड मात्र टीव्हीबरोबरच आणावा.

दुकान, ऑनलाइन आणि सेवा

ठाण्यात गोखले रोड-राम मारुती रोडच्या परिसरातली दुकाने आणि वाशीतल्या सेक्टर १७ च्या आसपासची दुकाने किंवा मॉल यांत चार संच शेजारी लावलेले पाहता येतात, आणि तिरप्या कोनाची व वेगाची परीक्षा तिथेच होते. किंमत ऑनलाइन कमी दिसली, तरी आधी प्रत्यक्ष पाहून यावे आणि मॉडेलचा क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत टिपून घ्यावा, कारण क्रमांकाच्या शेवटच्या एक-दोन अक्षरांत रॅम किंवा पडदा बदललेला असू शकतो.

कंपनी निवडताना मी नावापेक्षा सेवेकडे पाहतो. आपल्या पिनकोडवर घरी येऊन दुरुस्ती मिळते का, हे कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन करून विचारावे. ठाणे शहर आणि वाशी-नेरूळ-ऐरोलीचे पिनकोड ४०० ने सुरू होतात, पण खारघरचा ४१०२१० आणि पनवेलचा ४१०२०६ आहे. ‘मुंबईत सर्वत्र सेवा’ असे म्हणणाऱ्या कंपनीच्या यादीत हे पिनकोड असतीलच असे गृहीत धरू नये. हमी मुदत पडद्यालाही लागू आहे का, हे स्पष्ट विचारावे. हमी संपल्यावर पडदा गेला, तर नवा पडदा बसवण्याचा खर्च नव्या छोट्या टीव्हीच्या जवळपास जातो, म्हणून बँकेच्या कार्डावर मिळणाऱ्या काहीशे रुपयांच्या सवलतीपेक्षा पडद्याची एक वर्षाची जादा हमी मोलाची आहे. जोडणी मोफत असली, तरी भिंतीचा ब्रॅकेट खोक्यात आहे की त्याचे पैसे वेगळे आहेत, तेही आधीच विचारून घ्यावे.

भारतात विकल्या जाणाऱ्या टीव्हीला भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागते. संचाच्या मागच्या लेबलवर मानकाचा क्रमांक आणि आर या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो बीआयएस केअर या ॲपमध्ये टाकून कंपनीचे नाव जुळते का ते पाहता येते. अनोळखी नावाच्या, फारच स्वस्त संचाबाबत हे पैसे देण्यापूर्वीच करावे.

घरी आल्यावर

खोके आणून देणारा माणूस असतानाच, किंवा कंपनीच्या तंत्रज्ञाने उघडण्याची अट असेल तर त्याच्या समक्ष, पडदा नीट पाहून घ्यावा आणि उघडतानाचा व्हिडिओ काढावा. फुटलेला पडदा हमीत येत नाही, आणि तो आधीच फुटला होता हे नंतर सिद्ध करणे कठीण जाते. त्यानंतर यूट्यूबवरून पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा पडदा एकामागून एक लावावा. पांढऱ्यावर काळा ठिपका किंवा मळकट डाग, काळ्यावर चमकता ठिपका किंवा एखाद्या कोपऱ्यातून झिरपणारा उजेड दिसतो का, हे खोलीत अंधार करून तपासावे. कोपऱ्यातला अगदी किंचित उजेड स्वस्त संचांत चालून जातो. पण रात्रीच्या दृश्यात तो डोळ्यांना खुपत असेल, तर बदलून मागावा.

चित्राचा प्रकार ‘व्हिव्हिड’ वरून ‘स्टँडर्ड’ किंवा ‘मूव्ही’ वर आणावा, कारण दुकानातल्या झगमगाटासाठी ठरवलेला उजेड रात्रीच्या बेडरूममध्ये डोळ्यांना त्रास देतो. पहिल्या जोडणीच्या वेळी येणाऱ्या सगळ्या संमतींना हो म्हणण्याची गरज नसते. आपण काय पाहतो याची माहिती जाहिरातींसाठी गोळा करण्याची परवानगी सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. आजी-आजोबांच्या टीव्हीवर मुलाने किंवा सुनेने स्वतःचे गूगल खाते टाकू नये, कारण मग त्यांची यूट्यूबची यादी आणि यांची भजने एकमेकांत मिसळतात. वेगळे खाते काढावे. झोपेचा टायमर कसा लावायचा हे त्यांना दोन-तीनदा करून दाखवावे आणि मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून रिमोटजवळ ठेवावे.

बदलून मिळण्याची मुदत अनेकदा अगदी थोड्या दिवसांची असते, म्हणून पहिल्या आठवड्यातच सगळ्या खाचा, वाय-फायचे दोन्ही पट्टे, ब्लूटूथ आणि लागणारे प्रत्येक ॲप वापरून पाहावे. दोष आढळला, तर फोनवरच्या आश्वासनावर न थांबता ॲप किंवा ईमेलवरून तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. संचाचा अनुक्रमांक असलेले जीएसटी बिल आणि उघडतानाचा व्हिडिओ एकत्र जपून ठेवावा. विक्रेता आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवू लागली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर याच कागदांच्या आधारे तक्रार करता येते.